सशर्त संभाव्यता आणि वृक्षाकृती : प्रस्तावना

एखादी घटना घडेल की नाही हे निश्चितपणे सांगता येत नसले, तरी ती घडण्याची शक्यता किती आहे हे शून्य आणि एक यांच्या दरम्यानच्या संख्येने सांगता येते आणि या संख्येला गणितात त्या घटनेची संभाव्यता म्हणतात. शून्य म्हणजे ती घटना अशक्य आणि एक म्हणजे ती निश्चित. या दोन टोकांच्या मधले सर्व व्यवहार अनिश्चिततेचे असतात. ही संख्या मात्र कायमची ठरलेली नसते. दुसरी एखादी घटना घडली आहे असे कळले, की पहिलीविषयीचा अंदाज बदलतो आणि अशा बदललेल्या अंदाजाला सशर्त संभाव्यता असे नाव आहे. ‘ब’ घडले असता ‘अ’ घडण्याची सशर्त संभाव्यता काढताना ज्या शक्यतांत ‘ब’ घडलेले नाही त्या सर्व बाजूला ठेवल्या जातात, उरलेल्या शक्यतांनाच संपूर्ण विश्व मानले जाते आणि त्या विश्वात ‘अ’चा वाटा किती हे मोजले जाते, म्हणजेच ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही घडण्याच्या संभाव्यतेला ‘ब’ घडण्याच्या संभाव्यतेने भागले जाते. वृक्षाकृती ही या संकल्पनेवरील प्रश्न सोडवण्याची सर्वांत सोपी आणि तरीही पूर्णपणे काटेकोर पद्धत आहे. तिची ओळख करून देणे आणि ती नेमक्या कोणत्या चुकीपासून वाचवते हे दाखवणे, हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

या विषयासाठी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, जिल्ह्यातील उदाहरणे घेण्यामागे कारण आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर आहे आणि घाटघर, रतनवाडीच्या परिसरात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला आणि दक्षिणेला उतरत पाथर्डी, कर्जत, जामखेड या पर्जन्यछायेतील तालुक्यांत पोहोचावे, तर त्याच्या एका लहानशा अंशावर वर्ष काढावे लागते. एका बाजूचा पाऊस भंडारदरा आणि मुळा या धरणांत साठतो, दुसऱ्या बाजूचे पीक परतीच्या पावसावर अवलंबून असते आणि या दोहोंच्या हिशेबात ‘असे झाले तर’ हा शब्दप्रयोग सतत येतो. मृग नक्षत्र कोरडे गेले तर बाजरीची पेरणी कधी करायची, हस्ताचा पाऊस झाला तर ज्वारी किती क्षेत्रावर घ्यायची, धरण अमुक तारखेला अमुक टक्के भरले तर पाण्याची किती आवर्तने मिळतील, या प्रश्नांचा विचार येथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. सशर्त संभाव्यता हे त्या विचाराचेच गणिती रूप आहे, त्यामुळे या जिल्ह्यात ती शिकताना तिचा संदर्भ बाहेरून आणावा लागत नाही.

प्रथम आकृतीची रचना पाहू. वृक्षाकृती एका बिंदूपासून सुरू होते, ज्याला मूळ म्हणतात. पहिल्या टप्प्यावर जितक्या शक्यता असतील तितक्या शाखा या मुळातून निघतात आणि प्रत्येक शाखेवर त्या शक्यतेची संभाव्यता लिहिली जाते. प्रत्येक शाखेच्या टोकाला दुसऱ्या टप्प्याच्या शाखा फुटतात आणि त्यांच्यावर लिहिलेली संख्या साधी संभाव्यता नसून सशर्त संभाव्यता असते, कारण तिच्या आधीची शाखा घडली आहे हे तेथे गृहीत धरलेले असते. ही एक गोष्ट लक्षात आली, की अर्धा विषय हाती आला असे समजावे. कागदावर डावीकडून उजवीकडे वाचत जाताना प्रत्येक फाट्यावर वाचक आपोआप एक अट स्वीकारून पुढे जातो, त्यामुळे सूत्रात घटना आणि अट यांच्यामध्ये काढलेल्या उभ्या रेषेच्या पलीकडे लिहिलेली आणि म्हणून सहज विसरली जाणारी अट आकृतीत कधीच नजरेआड होत नाही.

आकृती वाचण्याचे नियम तीनच आहेत. एका बिंदूतून निघणाऱ्या सर्व शाखांवरील संख्यांची बेरीज एक असली पाहिजे, कारण त्या शक्यता परस्परांना वगळणाऱ्या असतात आणि त्यांच्याशिवाय तेथे दुसरे काही घडू शकत नाही. मुळापासून टोकापर्यंतच्या एका वाटेवरील संख्यांचा गुणाकार केला, की त्या वाटेवरील सर्व घटना एकत्र घडण्याची संभाव्यता मिळते. आणि एकच निष्पत्ती अनेक वाटांनी येत असेल, तर त्या सर्व वाटांच्या गुणाकारांची बेरीज केली, की त्या निष्पत्तीची एकूण संभाव्यता मिळते. वाटेवर गुणाकार आणि वाटांमध्ये बेरीज, एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे काम अंकगणिताचे उरते. शेवटी सर्व टोकांवरील संख्यांची बेरीज पुन्हा एक येते का हे पाहिले, की आकडेमोडीतील बहुतेक चुकाही लगेच सापडतात.

हे नियम पावसाच्या उदाहरणावर लावून पाहू. जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका काल्पनिक गावाच्या दीर्घकाळच्या नोंदींवरून पुढील प्रमाणे निघाली आहेत असे समजू. हे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष गावाचे नाहीत. १०० पैकी ७० वर्षांत जूनचा पाऊस वेळेवर सुरू होतो आणि ३० वर्षांत तो लांबतो. सुरुवात वेळेवर झाली असता सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होणाऱ्या हस्त नक्षत्रात रब्बीला पुरेसा पाऊस होण्याची संभाव्यता ०.६ आहे आणि सुरुवात लांबली असता ती ०.४ आहे. आकृतीच्या पहिल्या टप्प्यावर ०.७ आणि ०.३ या दोन शाखा येतात. पहिल्या शाखेतून ०.६ आणि ०.४ अशा दोन, तर दुसऱ्या शाखेतून ०.४ आणि ०.६ अशा दोन शाखा फुटतात. चार टोकांवर गुणाकार केल्यावर वेळेवर सुरुवात आणि चांगला हस्त यांना ०.४२, वेळेवर सुरुवात आणि अपुरा हस्त यांना ०.२८, लांबलेली सुरुवात आणि चांगला हस्त यांना ०.१२, आणि लांबलेली सुरुवात व अपुरा हस्त यांना ०.१८ अशा संख्या मिळतात. चारही मिळून एक होतात, म्हणजे आकृती बरोबर आहे.

या एका आकृतीतून अनेक प्रश्नांची उत्तरे मिळतात. हस्ताचा पाऊस पुरेसा होण्याची एकूण संभाव्यता ०.४२ अधिक ०.१२, म्हणजे ०.५४ आहे, पेरणीपूर्वी, जूनचे काहीच कळले नसताना, हा अंदाज धरावा लागेल. जून उलटल्यावर मात्र हा अंदाज तसाच ठेवणे चुकीचे ठरेल, कारण तेव्हा शेतकरी आकृतीच्या मुळाशी उरलेला नसतो, तो एका शाखेच्या टोकाला पोहोचलेला असतो आणि तेथून पुढे ०.६ किंवा ०.४ हीच संख्या त्याच्या कामाची असते. माहिती मिळाली की आकृतीत एक पाऊल पुढे जायचे आणि मागच्या बिंदूवरून केलेले अंदाज सोडून द्यायचे, ही शिस्त वृक्षाकृतीमुळे अंगवळणी पडते.

आता प्रश्न उलटा करून पाहू, कारण या विषयाचा खरा गाभा तेथेच आहे. हस्ताचा पाऊस अपुरा झाला आहे असे दिसल्यावर त्या वर्षीची सुरुवात लांबलेली असण्याची संभाव्यता किती? घाईने उत्तर देणारा ०.६ म्हणेल, कारण सुरुवात लांबली असता हस्त अपुरा राहण्याची संभाव्यता ०.६ हे त्याने वाचलेले असते. परंतु दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. अपुऱ्या हस्ताकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत आणि त्यांची एकूण संभाव्यता ०.२८ अधिक ०.१८, म्हणजे ०.४६ आहे. त्यांपैकी लांबलेल्या सुरुवातीची वाट केवळ ०.१८ ची आहे, म्हणून उत्तर ०.१८ भागिले ०.४६, म्हणजे सुमारे ०.३९ येते. अपुऱ्या हस्ताच्या वर्षांपैकी बहुतांश, सुमारे ६१ टक्के, वर्षांची सुरुवात वेळेवरच झालेली असते, कारण वेळेवर सुरुवात होणारी वर्षे मुळातच अधिक असतात. अट आणि घटना यांची अदलाबदल केली की उत्तर बदलते आणि किती बदलते हे मूळ प्रमाणावर अवलंबून असते. सशर्त संभाव्यतेतील बहुतेक गंभीर चुका या एका अदलाबदलीतून जन्म घेतात.

उलट्या दिशेने विचार करण्याच्या या रीतीला बेज यांचा सिद्धांत म्हणतात. टॉमस बेज हे इंग्लंडमधील एक धर्मोपदेशक होते. त्यांचे १७६१ मध्ये निधन झाल्यानंतर त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी त्यांचा निबंध १७६३ मध्ये प्रसिद्ध करवला. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी १७७४ मध्ये स्वतंत्रपणे हाच विचार अधिक व्यापक स्वरूपात मांडला. निष्पत्ती दिसल्यावर कारणाविषयी किती खात्रीने बोलता येईल हा प्रश्न दोघांनीही हाताळला आणि त्याचे उत्तर वरील उदाहरणात केलेल्या कृतीसारखेच आहे: दिसलेल्या निष्पत्तीकडे येणाऱ्या सर्व वाटांची बेरीज करायची आणि विचारलेल्या वाटेचा त्या बेरजेतील वाटा काढायचा. पाठ्यपुस्तकातील बेज यांचे सूत्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्याचा छेद लांबलचक वाटतो, पण तो छेद म्हणजे वृक्षाच्या टोकांची बेरीज आहे हे ओळखले की सूत्र पाठ करण्याची गरजच राहत नाही.

या विचारपरंपरेशी महाराष्ट्राचे जवळचे नाते आहे. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९३९ मध्ये ‘थिअरी ऑफ प्रॉबॅबिलिटी’ हा ग्रंथ लिहून बेज यांच्या दृष्टिकोनाला विसाव्या शतकात नवे बळ दिले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली केंब्रिज येथे संशोधन करणारे वसंत शंकर हुजुरबाजार हे १९१९ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ होते. पुणे विद्यापीठात १९५३ पासून त्यांनी गणित आणि संख्याशास्त्राच्या विभागाची उभारणी केली आणि १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. संभाव्यतेच्या पायाभूत संशोधनात मराठी माणसाने जागतिक पातळीवर काम केले आहे, ही गोष्ट शालेय विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

पावसाच्या बाबतीतही हा विचार जुना आहे. भारतीय हवामान विभागाने मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा पहिला अंदाज १८८६ मध्ये दिला आणि पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरच्या समुद्रांवरील हवेच्या दाबाचा भारतातील पावसाशी असलेला संबंध शोधण्यात अनेक वर्षे घालवली. आजही हा विभाग हंगामाच्या पावसाची दीर्घकालीन सरासरीशी तुलना करून त्याचे पाच गट करतो आणि प्रत्येक गटाची संभाव्यता टक्क्यांत सांगतो. प्रशांत महासागरातील एल निनोची स्थिती काय असेल या अटीवर ते अंदाज बदलतात. दख्खनच्या पावसाचा अभ्यास करताना कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी १८६५ ते १९३८ या काळातील नोंदी तपासून पर्जन्यमान आणि दुष्काळ यांच्या संबंधावर पुस्तक लिहिले, ते १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा दीर्घ नोंदी असतील तरच वृक्षाच्या शाखांवर विश्वासार्ह संख्या लिहिता येतात, हा त्या कामाचा विद्यार्थ्यासाठीचा धडा आहे. आकृती कितीही नेटकी असली, तरी तिच्यावरील संख्या नोंदवहीतून येतात आणि ज्या गावात पर्जन्यमापकाची नोंद ठेवली जात नाही त्या गावाचा वृक्ष कोराच राहतो.

या जिल्ह्याने सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात मिळवलेले स्थान लक्षात घेता, दुसरे उदाहरण जामखेडकडून घेणे उचित ठरेल. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच स्त्रियांना, त्यांतील अनेक निरक्षर होत्या, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवण्याचा त्यांचा प्रयोग जगभर अभ्यासला गेला आणि १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कार्यकर्त्यांच्या कामात कुष्ठरोग आणि क्षयरोग यांचे रुग्ण लवकर ओळखणे हा महत्त्वाचा भाग होता. रुग्ण ओळखण्यासाठीच्या चाचणीचे गणित आणि गाव ओळखणाऱ्या माणसाचे मोल या दोन्ही गोष्टी एकाच वृक्षाकृतीत दिसतात, म्हणून हे उदाहरण सविस्तर मांडणे योग्य ठरेल.

चाचणीच्या गुणवत्तेची दोन मापे असतात. रोग असलेल्या व्यक्तीत ती चाचणी होकारार्थी, म्हणजे बोलीतल्या शब्दात पॉझिटिव्ह, येण्याची संभाव्यता ही तिची संवेदनशीलता, आणि रोग नसलेल्या व्यक्तीत ती नकारार्थी येण्याची संभाव्यता ही तिची विशिष्टता. दोन्ही सशर्त संभाव्यता आहेत आणि दोन्हींत ‘रोग आहे’ किंवा ‘रोग नाही’ ही अट आहे. रुग्णाला मात्र उलटा प्रश्न पडलेला असतो: चाचणी होकारार्थी आली आहे, तर मला रोग असण्याची संभाव्यता किती? येथे संख्या टक्क्यांऐवजी माणसांच्या मोजणीत मांडल्या तर आकृती अधिक सुबोध होते. एका परिसरात १०,००० लोक आहेत, त्यांपैकी ५० जणांना क्षयरोग आहे, चाचणीची संवेदनशीलता ९० टक्के आणि विशिष्टता ९६ टक्के आहे असे मानू. हे आकडेही केवळ उदाहरणादाखल आहेत. मुळातून ५० आणि ९,९५० अशा दोन शाखा निघतात. पहिल्या शाखेतील ५० पैकी ४५ जणांची चाचणी होकारार्थी येते आणि ५ जण निसटतात. दुसऱ्या शाखेतील ९,९५० पैकी ३९८ निरोगी माणसांची चाचणीही होकारार्थी येते. एकूण ४४३ होकारार्थी चाचण्यांपैकी प्रत्यक्ष रुग्ण ४५, म्हणजे सुमारे १० टक्के.

९० आणि ९६ टक्के गुणवत्तेच्या चाचणीचे होकारार्थी उत्तर केवळ १० टक्के विश्वासार्ह ठरावे, हे प्रथम खटकते. परंतु आकृती पाहिली की कारण स्पष्ट होते: निरोगी माणसांची शाखा इतकी जाड आहे, की तिच्यातील ४ टक्के चूकसुद्धा रुग्णांच्या संपूर्ण शाखेपेक्षा कितीतरी मोठी होते. शिकलेल्या माणसांकडूनही येथे चूक होते. १९७८ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाशी संबंधित ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना असाच एक प्रश्न विचारण्यात आला होता: हजारात एकाला असणारा रोग आणि निरोगी माणसांपैकी ५ टक्के जणांना चुकून होकार देणारी चाचणी, तर होकार आलेल्याला रोग असण्याची संभाव्यता किती? बरोबर उत्तर सुमारे २ टक्के आहे. ते केवळ ११ जणांनी दिले आणि सर्वाधिक लोकांचे उत्तर ९५ टक्के होते. गर्ड गिगेरेंझर आणि उलरिख हॉफ्राग यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की असे प्रश्न टक्क्यांऐवजी ‘इतक्यांपैकी इतके’ अशा मोजणीत मांडले, तर बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढते. माणसे मोजून काढलेली वृक्षाकृती अधिक सोपी का जाते, याचे स्पष्टीकरण या संशोधनात आहे.

आता तीच चाचणी सरसकट सर्वांची न करता, दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या लोकांचीच केली असे समजू. अशा १,००० लोकांत १०० जणांना क्षयरोग आहे असे मानले, तर १०० पैकी ९० जणांची चाचणी होकारार्थी येते, उरलेल्या ९०० निरोगींपैकी ३६ जणांची होकारार्थी येते आणि १२६ होकारांपैकी ९० खरे ठरतात, म्हणजे सुमारे ७१ टक्के. चाचणी तीच आहे, प्रयोगशाळा तीच आहे. बदलली आहे ती केवळ पहिली शाखा. कोणत्या घरात कोण किती दिवस खोकत आहे, कोणाचे वजन उतरले आहे, कोण मुंबईहून आजारी होऊन परत आला आहे हे जाणणारी गावातली कार्यकर्ती नेमकी ही पहिली शाखा बदलते. तिच्या ओळखीचे मोल भावनिक तर आहेच, पण ते गणिती दृष्टीनेही मोजता येते.

याच आकृतीला तिसरा टप्पा जोडला, की पुनर्तपासणीचा हेतूही कळतो. सरसकट तपासणीतील ४४३ होकारार्थी लोकांची ८० टक्के संवेदनशीलता आणि ९९ टक्के विशिष्टता असलेली दुसरी चाचणी केली आणि दोन्ही चाचण्यांच्या चुका परस्परांशी संबंधित नाहीत असे मानले, तर ४५ रुग्णांपैकी ३६ जणांना पुन्हा होकार येतो आणि ३९८ निरोगींपैकी सुमारे ४ जणांनाच तो येतो. दोन होकार मिळालेल्या ४० जणांपैकी ३६ खरे रुग्ण, म्हणजे ९० टक्के. एका होकाराने घाबरून जाऊ नये आणि त्याकडे दुर्लक्षही करू नये, पुढची तपासणी करून घ्यावी, या वैद्यकीय सल्ल्यामागचे कारण या तीन टप्प्यांच्या वृक्षात पूर्णपणे उलगडते. त्याच वेळी निसटलेल्यांचा हिशेबही विसरता येत नाही: पहिल्या टप्प्यावर ५ आणि दुसऱ्या टप्प्यावर ९, असे एकूण १४ रुग्ण या वाटेवर हरवले आहेत आणि आकृती त्यांचीही नोंद ठेवते.

वृक्षाकृतीचा तिसरा उपयोग निर्णयाचा आहे. काही शाखा निसर्ग ठरवतो, तर काही माणसे ठरवतात, आणि दोन्ही एकाच आकृतीत मांडता येतात. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत रुजवली. गावात पडलेला पाऊस मोजायचा, त्यातून किती पाणी उपलब्ध होईल याचा हिशेब करायचा आणि त्यानुसार कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरवायचे, ही पद्धत म्हणजे एक निर्णयवृक्षच आहे: पहिला फाटा पावसाचा, दुसरा फाटा गावाच्या निर्णयाचा आणि टोकाला पुढच्या उन्हाळ्यातील पिण्याचे पाणी. जायकवाडी धरणाच्या बाबतीत महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिलेल्या आदेशाचेही असेच आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या बाजूच्या नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून पाणी सोडावे, हा त्या आदेशाचा गाभा होता. मुळा आणि प्रवरा यांच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्याच्या पाण्याची संभाव्यता त्यामुळे घाटावरच्या पावसावर, आपल्या धरणाच्या साठ्यावर आणि शिवाय खालच्या धरणाच्या साठ्यावर अवलंबून राहते. वरच्या आणि खालच्या भागांतील पाणीवाटपाचा हा वाद अनेकदा भावनेच्या भरात लढला जातो. तीन टप्प्यांची आकृती कागदावर काढली, तर निदान दोन्ही बाजू एकाच प्रश्नाबद्दल बोलत आहेत की नाही हे तरी स्पष्ट होईल.

एका सार्वत्रिक गैरसमजाचा येथे उल्लेख करायला हवा. सलग दोन वर्षे कोरडी गेली, म्हणून तिसऱ्या वर्षी पाऊस होणारच असे मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. पहिल्या घटनेने दुसरीची संभाव्यता बदलत नसेल, तर त्या घटना परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे म्हणतात आणि अशा वेळी वृक्षाच्या प्रत्येक शाखेतून फुटणाऱ्या पुढच्या शाखांवर एकसारख्याच संख्या असतात. मागच्या वर्षाच्या दुष्काळाची भरपाई करण्याचे बंधन पुढच्या वर्षावर नसते. १९७२ च्या दुष्काळाआधीची वर्षेही महाराष्ट्राच्या मोठ्या भागात तुटीचीच होती, हे या संदर्भात आठवावे. उलट जूनची सुरुवात आणि हस्ताचा पाऊस यांच्यात संबंध आहे की नाही, हे गृहीत न धरता नोंदींवरून तपासायचे असते. दोन्ही शाखांवरील सशर्त संभाव्यता समान निघाल्या तर घटना स्वतंत्र, वेगळ्या निघाल्या तर परस्परावलंबी. स्वातंत्र्य हा तपासाचा निष्कर्ष आहे, सोयीचे गृहीतक नव्हे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. टप्पे वाढले की शाखा झपाट्याने वाढतात. मृगापासून हस्तापर्यंतच्या नऊ नक्षत्रांत प्रत्येकी ‘पाऊस झाला’ आणि ‘झाला नाही’ अशा दोनच शक्यता घेतल्या, तरी टोके ५१२ होतात आणि कागद अपुरा पडतो. पावसाचे मिलिमीटर किंवा ज्वारीचे क्विंटल यांसारख्या सलग बदलणाऱ्या राशींना शाखांमध्ये तोडताना काही माहिती गमवावी लागते. आणि शाखांचा क्रम काळाचा असला, तरी तो कार्यकारणाचा असेलच असे नाही. लांबलेल्या सुरुवातीनंतर हस्त अपुरा राहतो यावरून पहिली गोष्ट दुसरीचे कारण आहे असे सिद्ध होत नाही, दोन्हींमागे तिसरेच कारण असू शकते. अशा ठिकाणी तक्ते, सूत्रे आणि संगणक यांचा आधार घ्यावा लागतो. तरीही त्या साधनांकडे जाणाऱ्याने प्रश्नाचा लहानसा वृक्ष आधी हाताने काढावा, कारण अट कोणती आणि घटना कोणती हे ठरवण्याचे काम संगणक करत नाही.

शिकवण्याच्या दृष्टीने दोन गोष्टींवर भर द्यावा असे वाटते. महाराष्ट्रातील विद्यार्थी दहावीत संभाव्यता, नमुना अवकाश आणि घटना या संज्ञा मराठीत शिकतो. सशर्त संभाव्यता त्याच्यासमोर येते तेव्हा विज्ञान शाखेतील शिक्षण बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून चाललेले असते आणि कला शाखेकडे किंवा शेतीकडे वळलेल्या मुलामुलींपर्यंत ती अनेकदा पोहोचतच नाही. ज्यांना पुढे पीक, पाणी आणि आरोग्य यांचे निर्णय घ्यायचे आहेत त्यांच्यापासूनच हा भाग दूर राहावा, ही मोठी हानी आहे. दुसरी गोष्ट उदाहरणांची. पेटीतील रंगीत चेंडू आणि पत्त्यांचा कॅट यांवर नियम शिकावेत, पण तेथेच थांबू नये. राहुरी येथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कोरडवाहू रब्बी ज्वारीचे फुले वसुधा, फुले सुचित्रा यांसारखे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे शिफारस केले आहेत. हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीच्या तीन शाखा आणि प्रत्येकीपुढे पावसाच्या दोन शाखा, एवढ्यात वर्गासाठी एक उत्तम प्रश्न तयार होतो आणि तो सोडवताना घरच्या मोठ्यांनाही चर्चेत भाग घेता येतो.

अभ्यासकाने प्रत्येक उदाहरण सोडवताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत: आपण आकृतीच्या कोणत्या बिंदूवर उभे आहोत, मुळाशी असलेले प्रमाण किती आहे आणि विचारलेला प्रश्न शाखेच्या दिशेने आहे की तिच्या उलट. या तिन्हींची उत्तरे लिहून झाल्याशिवाय गुणाकाराला हात घालू नये. पावसाचा अंदाज वाचताना, रक्ततपासणीचा अहवाल हाती घेताना किंवा पाणीवाटपाच्या बैठकीत बोलताना ज्याला हे तीन प्रश्न सुचतील, त्याला या विषयाचे मर्म कळले असे खुशाल समजावे. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि गावाची प्रामाणिक नोंदवही यांपलीकडे काहीही लागत नाही. वाचकांनी आपल्या गावच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी मिळवाव्यात आणि पहिला वृक्ष त्यांच्यावरूनच काढावा.